अलाक्लोरचा अर्धा कॅन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच तणनाशकाशी, अलाक्लोरशी, या ना त्या वाटेने येऊन पोहोचतात. हे औषध पेरणीनंतर लगेच फवारले जाई, सोयाबीन, भुईमूग, मका आणि कपाशीतले हंगामी गवत उगवतानाच मारत असे आणि पिकाला सोडून देत असे. आज ते आपल्याकडे कायद्याने बंद आहे. पत्रे एकत्र वाचल्यावर असे वाटले की त्यांची उत्तरेही एकत्रच द्यावीत, म्हणून या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझे वडील मागच्या वर्षी वारले. गोठ्याशेजारची खोली आवरताना पाच लिटरचा एक कॅन सापडला. त्यावर ‘अलाक्लोर ५० टक्के ई.सी.’ असे छापले आहे, २०१७ साल आहे, निळा त्रिकोण आहे आणि आत निम्मे औषध शिल्लक आहे. शेजारचे काका म्हणतात, ‘सोयाबीनला याच्यासारखं औषध झालं नाही, पेरणी झाली की मारून टाक.’ ते मारावे का? सोयाबीनला नको असेल तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतावर चालेल का?
— एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : वडिलांच्या हातची वस्तू टाकून देताना मन धजत नाही, हे मी समजू शकतो. तरीही आपण ते कोठेही मारू नये, सोयाबीनवरही नाही आणि धुऱ्यावरही नाही. केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या आदेशात १८ कीडनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी १२ लगेच बंद झाली आणि सहांना मुदत मिळाली. अलाक्लोर या सहांपैकी एक होते. १ जानेवारी २०१९ पासून त्याची आयात आणि उत्पादन थांबले आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापरही पूर्णपणे बंद झाला. आपल्या कायद्यात तणनाशकसुद्धा ‘कीटकनाशक’ या शब्दातच मोडते, त्यामुळे ‘हे तर गवताचे औषध आहे, त्याला काय बंदी’ असा कोणी युक्तिवाद केला तर तो टिकणारा नाही.

काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. हंगामी गवतांवर अलाक्लोर खरोखरच चांगले चालत असे आणि ज्यांनी ते वापरले त्यांना त्याची आठवण असणे साहजिक आहे. पण धुऱ्यावर ते मारण्यात, कायदा बाजूला ठेवला तरी, काही अर्थ नाही. अलाक्लोर उगवणाऱ्या अंकुरावर काम करते. एकदा गवत जमिनीच्या वर येऊन पान फुटले की त्याच्यावर या औषधाचा परिणाम जवळजवळ होत नाही. धुऱ्यावरची हराळी तर बारमाही आहे, तिच्या जमिनीतल्या कांड्यांत साठवलेल्या अन्नावर ती पुन्हा फुटते. म्हणजे औषध वाया जाईल आणि पुढच्या पावसाबरोबर ते वाहत जाईल, एवढेच होईल.

ते वाहून कोठे जाईल, हा माझ्या मनातला खरा मुद्दा आहे. म्हणून एक हिशोब आपल्यासमोर मांडतो. पन्नास टक्क्यांच्या औषधाच्या एका लिटरमध्ये ५०० ग्रॅम अलाक्लोर असते, म्हणजे बाटलीच्या एका लहान झाकणात, साधारण १० मिलिलिटरमध्ये, ५ ग्रॅम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अलाक्लोरची मर्यादा एका लिटरला २० मायक्रोग्रॅम इतकी दिली आहे. आता आठ मीटर व्यासाची विहीर घ्या आणि तिच्यात पाच मीटर पाणी आहे असे धरा. ते पाणी सुमारे अडीच लाख लिटर भरते. ५ ग्रॅम अलाक्लोर या सगळ्या पाण्यात सारखे मिसळले, तर ते पाणी बरोबर त्या मर्यादेला जाऊन पोहोचते. एका झाकणाने एक विहीर होते, तर आपल्या कॅनमधल्या अडीच लिटरने अशा अडीचशे विहिरी होतील. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती या आकड्यासमोर ठेवून पाहावी, अशी माझी सर्वच वाचकांना कळकळीची विनंती आहे, मग पंपात कोणतेही औषध असो.

आता त्या कॅनचे काय करायचे ते सांगतो. औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका, कारण लेबल गेले की काही वर्षांनी आत काय आहे हे घरात कोणालाच सांगता येणार नाही. झाकण घट्ट असल्याची खात्री करा आणि हातमोजे घालून तो कॅन कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा घातलेल्या मोठ्या बादलीत उभा ठेवा, म्हणजे पुढेमागे गळाला तरी जमिनीवर येणार नाही. त्यावर ठळक अक्षरांत ‘वापरू नये’ असे लिहा आणि धान्य, चारा, मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर, कुलपात ठेवा. त्यानंतर तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना औषधाचे नाव, प्रमाण आणि उत्पादनाचे वर्ष लिहून लेखी अर्ज द्या आणि ते कोठे जमा करायचे याची लेखी विचारणा करा. मुदत संपलेले कीडनाशक हा घातक कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत तशा प्रक्रिया केंद्रांतच व्हायला हवी. कीटकनाशक नियमांतही उरलेले औषध, रिकामी वेष्टने आणि धुवण यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशाच रीतीने लावण्याचे बंधन आहे. ते नाल्यात ओतू नये, खड्डा करून पुरू नये, पेटवू नये आणि तो कॅन भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. अशा कॅनचा पुढचा मुक्काम अनेकदा कोणाच्या तरी घरी पाण्याचे भांडे म्हणून होतो.

प्रश्न : मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अलाक्लोर गवताला मारते आणि सोयाबीनला सोडते हे समजण्यासारखे आहे, कारण दोन्ही वनस्पती वेगळ्या कुळातल्या आहेत. पण मका स्वतःच गवताच्या कुळातला आहे आणि तरीही अलाक्लोर मक्यात वापरले जाई. मग मका का मरत नसे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : प्रश्न फार नेमका आहे आणि या तणनाशकाचे सगळे मर्म त्यात आले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

औषध बियाण्याला मारते असा समज आहे, तो चुकीचा आहे. बी नेहमीप्रमाणे फुगते, रुजते, त्याला मूळ फुटते. अडचण त्यानंतर येते. वनस्पतीच्या पेशींना आपली आवरणे आणि पानावरचा मेणाचा थर तयार करण्यासाठी लांब साखळीची मेदाम्ले लागतात, म्हणजे ज्यांच्या साखळीत कार्बनचे अणू अठराहून अधिक आहेत अशी. अठरापर्यंतची साखळी पुढे वाढवणारी काही विकरे (एन्झाइम) पेशीत असतात आणि अलाक्लोर त्याच विकरांना जखडून टाकते. त्यामुळे वाढता कोंब जमिनीच्या वर येण्याआधीच थबकतो. असा कोंब उकरून काढून हातावर घेतला तर दिसते की पहिले पान आपल्या आवरणातून बाहेर पडू शकलेले नाही. ते आतच गुंडाळले गेले आहे, कधी बाजूने फाडून वाकडे बाहेर आले आहे, आणि कोंबाचा भाग जाडसर, आखूड झाला आहे. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी औषध मारलेल्या आणि न मारलेल्या तासांतली माती बोटाने हलकेच सारून हे मी अनेकदा पाहिले आहे. वरून शेत स्वच्छ दिसते आणि मातीच्या वरच्या बोटभर थरात मात्र असे शेकडो अडकलेले कोंब असतात.

आता निवडकपणाकडे येऊ. तो दोन कारणांनी येतो आणि दोन्ही एकाच वेळी काम करतात. पहिले कारण जागेचे आहे. फवारलेले औषध मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत राहते. शिप्पी, सावा, चिमणचारा यांसारख्या हंगामी गवतांचे बी बारीक असते, ते याच थरातून उगवते आणि गवताचा कोवळा कोंब हाच औषध शोषून घेणारा मुख्य भाग असतो. सोयाबीनचे बी त्यामानाने मोठे असते, ते तीन-चार सेंटिमीटर खोल पेरलेले असते आणि त्याच्या दलांना जोर असतो, त्यामुळे ते या थरातून लवकर पार होते. मात्र एवढ्यावर मका वाचत नाही, कारण मक्याचा कोंबही गवताचाच कोंब आहे आणि तोही त्याच थरातून येतो.

मका वाचतो तो दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण त्याच्या पेशीत आहे. ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त पदार्थ वनस्पतींमध्ये असतो आणि परका विषारी पदार्थ आत आला की एक विकर त्याची गाठ या ग्लुटाथायोनशी घालून देते. अलाक्लोरच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू अशा जागी आहे की तेथे ग्लुटाथायोनचे गंधक येऊन बसू शकते. ते बसले की रेणू निष्प्रभ होतो. मक्यात हे विकर भरपूर असते आणि वेगाने काम करते. सोयाबीनमध्ये ग्लुटाथायोनचाच जवळचा भाऊ म्हणता येईल असा पदार्थ तेच काम करतो. बारीक बियांच्या गवतांत ही क्रिया इतकी हळू होते की तोवर कोंबाचा कारभार आटोपलेला असतो. म्हणजे औषध ‘गवत’ आणि ‘पीक’ असा भेद मुळीच ओळखत नाही. विष आत येण्याचा वेग आणि ते मोडून काढण्याचा वेग यांच्या शर्यतीत जी वनस्पती पुढे राहते ती जगते.

याचा पुरावा आपल्या ज्वारीने दिला आहे. ज्वारी आणि मका इतक्या जवळच्या असूनही ज्वारीला अलाक्लोर सोसत नाही. म्हणून परदेशात ज्वारीच्या बियाण्याला फ्लुराझोल नावाचे संरक्षक रसायन चोळून मग अलाक्लोर वापरण्याची पद्धत आली. ते रसायन ज्वारीतली हीच विषमोचनाची यंत्रणा आधीच जागी करून ठेवत असे. शर्यत चुकली तर सोयाबीनही मार खाई. पेरणीनंतर गारठा आणि सतत चिखल असला की रोपाची वाढ मंदावते, विष मोडण्याचा वेगही मंदावतो आणि मग सोयाबीनच्या पहिल्या त्रिदलांतले पान टोकाशी आत ओढल्यासारखे, बदामाच्या आकाराचे दिसते, कारण मधली शीर आखूड राहते आणि कडा मात्र वाढत जातात. पाऊस उघडून ऊन पडले की पुढची पाने बहुधा नीट येतात. परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक लक्षात ठेवा : औषध कोरड्या मातीवर पडून राहिले तर कोंबापर्यंत पोहोचतच नाही, त्याला पेरणीनंतर थोडा पाऊस किंवा हलके ओलीत लागते. म्हणूनच जमिनीत ओल नसताना ते फवारणाऱ्यांची तक्रार ‘औषध चाललेच नाही’ अशी असे.

प्रश्न : आम्ही शहरात राहतो, पण गावी शेती आहे. निळा त्रिकोण म्हणजे लाल आणि पिवळ्यापेक्षा सौम्य, असे आम्हाला शिकवले गेले. मग लाल त्रिकोणाची काही औषधे बाजारात राहिली आणि निळ्या त्रिकोणाचे अलाक्लोर बंद झाले, हे कसे? कोणाच्या दबावाखाली तर झाले नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला जे शिकवले ते बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. त्रिकोणाचा रंग फक्त एकाच गोष्टीवरून ठरतो : ते औषध एकदाच पोटात गेले किंवा कातडीला लागले तर किती मात्रेत प्राणघातक ठरते. उंदरांना तोंडावाटे दिल्यावर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये निम्मे उंदीर मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. अलाक्लोरचा हा आकडा ९३० च्या आसपास दिला जातो, म्हणून तो निळ्यात बसतो. थोड्या थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे शरीरात जात राहिले तर काय होईल, पाण्यात किती उतरेल, तेथे किती काळ राहील, माशांना काय होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तो त्रिकोण देत नाही. माझ्या मते हा आपल्या लेबलांचा मोठा उणेपणा आहे, कारण शेतकरी त्या रंगाकडे पाहून हातमोजे घालायचे की नाही हे ठरवतो.

अलाक्लोरचे प्रकरण या न दिसणाऱ्या बाजूनेच उभे राहिले. मोन्सँटो कंपनीने ते १९६९ मध्ये अमेरिकेत ‘लासो’ या नावाने बाजारात आणले. लासो म्हणजे गुराख्याचा फास. मका आणि सोयाबीनच्या पट्ट्यात ते इतके पसरले की पुढची दोन दशके ते तेथल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तणनाशकांत गणले जाई. मग दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या नाकात, जठरात आणि थायरॉईडमध्ये गाठी आढळल्या. त्याच सुमारास विहिरींच्या पाण्यातही ते सापडू लागले.

यानंतर दोन शेजारी देशांनी तीच माहिती समोर ठेवून वेगवेगळे निर्णय घेतले, आणि मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. कॅनडाने १९८५ मध्ये अलाक्लोरची नोंदणी रद्द केली. कंपनीने दाद मागितली, त्यासाठी नेमलेल्या मंडळाने १९८७ मध्ये नोंदणी परत द्यावी असे सुचवले, तरीही मंत्र्यांनी ते मानले नाही. मेटोलाक्लोर हे त्याच जातीचे दुसरे औषध शेतकऱ्यांच्या हाती असताना अधिक धोक्याचे औषध कशासाठी ठेवायचे, असा विचार त्यामागे होता. अमेरिकेने मात्र १९८७ मध्ये तपासणी संपवून औषध चालू ठेवले, पण ते प्रशिक्षित व्यक्तींच्याच हाती द्यायचे असे ठरवले आणि पुढे पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. नंतरच्या मूल्यांकनात तेथील पर्यावरण संस्थेने जास्त मात्रेत ते कर्करोगकारक असण्याचा संभव आहे, कमी मात्रेत तसा संभव नाही, असे मत दिले. युरोपमध्ये कोणत्याही एका कीडनाशकासाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा सरसकट ०.१ मायक्रोग्रॅम आहे आणि तेथे २००६ च्या अखेरीस अलाक्लोरला मंजुरी नाकारली गेली. भारताची २०, अमेरिकेची २ आणि युरोपची ०.१ हे आकडे शेजारी ठेवले तर कळते की मर्यादेच्या आकड्यात विज्ञानाबरोबर त्या त्या समाजाने किती धोका पत्करायचा ठरवले आहे, हेही लपलेले असते. वर वाशीमच्या वाचकांना दिलेला विहिरीचा हिशोब अमेरिकेच्या मर्यादेने केला तर एका झाकणाला दहा विहिरी लागतील.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मातीत अलाक्लोर स्वतः फार टिकत नाही, साधारण दोन ते तीन आठवड्यांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. पण जिवाणूंनी ते मोडल्यावर जी आम्ले तयार होतात ती मातीला चिकटत नाहीत आणि पाण्याबरोबर खाली उतरतात. अमेरिकेच्या मका पट्ट्यातल्या भूजलात मूळ औषधापेक्षा त्याच्या या सल्फोनिक आम्लाचा आढळ अधिक वेळा झाला. ‘औषध मातीत विरून जाते’ हे विक्रेत्याचे वाक्य या अर्थाने खरे असूनही दिशाभूल करणारे होते.

आणि मग फ्रान्समधले पॉल फ्रांस्वा. शारांत भागातले हे धान्य पिकवणारे शेतकरी. २७ एप्रिल २००४ रोजी त्यांनी लासो वापरलेल्या फवारणी यंत्राची टाकी आत डोकावून पाहण्यासाठी उघडली आणि उन्हाने तापलेल्या टाकीतली वाफ त्यांच्या तोंडावर आली. त्या औषधात अलाक्लोरबरोबर मोनोक्लोरोबेंझीन हे द्रावकही होते. ते आजारी पडले, पुढे मज्जासंस्थेचे त्रास सुरू झाले आणि त्यांनी कंपनीवर दावा लावला. लियोंच्या न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीला जबाबदार धरले. खटला वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने औषधाच्या लेबलावर वाफेच्या धोक्याची, विशेषतः टाकी साफ करताना घ्यायच्या काळजीची, पुरेशी सूचना नव्हती हा मुद्दा मान्य केला आणि २१ ऑक्टोबर २०२० रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. एवढ्या वर्षांनंतर २०२२ मध्ये त्यांना मंजूर झालेली भरपाई अकरा हजार युरोंच्या थोडी वर होती. टाकीचे झाकण उघडून आत वाकून पाहणे ही कृती आपल्या प्रत्येक शेतात रोज घडते, म्हणून हे प्रकरण मी मुद्दाम येथे सांगितले.

दबावाबद्दल आपण विचारले आहे. २०११ मध्ये रॉटरडॅम कराराच्या यादीत अलाक्लोरचा समावेश झाला. या यादीतले रसायन दुसऱ्या देशाला पाठवण्यापूर्वी त्या देशाची पूर्वसंमती घ्यावी लागते. ती यादी म्हणजे बंदी नव्हे. आपल्याकडे २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि इतर देशांत बंद किंवा मर्यादित केलेल्या, पण भारतात चालू असलेल्या ६६ कीडनाशकांचा तिने आढावा घेतला. २०१८ चा आदेश हा त्या आढाव्याचा परिणाम आहे. मला यात दबावापेक्षा विलंब अधिक दिसतो. कॅनडाच्या निर्णयानंतर आपल्या शेतांत ते आणखी पस्तीस वर्षे फवारले जात होते.

प्रश्न : आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. निंदायला बाया मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. अलाक्लोर बंद झाल्यावर सोयाबीनमधल्या गवतासाठी काय वापरावे? मागच्या वर्षी दुकानदाराने गवताचे म्हणून दिलेले औषध मारले, गवत गेले पण केना तसाच राहिला.
— एक शेतकरी ताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आधी केन्याबद्दल सांगतो. केना दिसायला गवतासारखा वाटतो, पण तो गवत नाही. त्याचे पान रुंद आणि मऊ असते, खोड मांसल असते आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्यावर त्याला मुळे फुटतात, फूल निळे येते. आपल्याला दिलेले औषध बहुधा क्विझालोफॉप किंवा त्याच गटातले असावे. ही औषधे खऱ्या गवतातल्या एका विशिष्ट विकरावर काम करतात. केन्यावर आणि लव्हाळ्यावर त्यांचा उपयोग होत नाही. लव्हाळा ओळखायची खूण म्हणजे त्याची दांडी दोन बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी शेतातली चार-पाच तणे मुळासकट उपटून पिशवीत घालून बरोबर न्या किंवा कृषी सहायकांना दाखवा.

पेरणीनंतर ४८ तासांच्या आत आणि जमिनीत ओल असताना वापरायचे औषध हवे असेल तर पेंडीमिथॅलीन ३० टक्के ई.सी. आहे, त्याचे लेबलवरचे प्रमाण हेक्टरी अडीच ते सव्वातीन लिटर आहे. उगवणीनंतर फक्त गवतासाठी क्विझालोफॉप इथाईल ५ टक्के ई.सी. हेक्टरी पाऊण ते एक लिटर, आणि गवताबरोबर काही रुंद पानांची तणेही असतील तर इमॅझेथापायर १० टक्के एस.एल. हेक्टरी एक लिटर वापरतात. दोन्हींसाठी तण दोन ते चार पानांचे असले पाहिजे. ढोपरभर वाढलेल्या तणावर दुप्पट मात्रा मारून काहीही साधत नाही. आपल्या लेबलवरचा आकडा यापेक्षा वेगळा असेल तर लेबलवरचाच पाळा, आणि शंका आली तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करून विचारा.

मात्र डवरा, म्हणजे दोन ओळींतले तण काढणारे बैलाचे कोळपे, सोडू नका. सोयाबीनला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणमुक्त मिळाले तर पुढे पीक स्वतःच सावली करून तण दाबते. एक उगवणपूर्व फवारणी आणि त्यानंतर दोन डवरण्या एवढ्यात कोरडवाहू शेतात बरेच भागते आणि तासातले उरलेले तेवढेच निंदावे लागते. दरवर्षी तेच एक औषध मारत राहण्याचा परिणाम पंजाब-हरियाणाच्या गव्हात दिसला आहे. तेथे गुल्ली दंडा या गवतासाठी वर्षानुवर्षे आयसोप्रोट्यूरॉन वापरले गेले आणि १९९० नंतरच्या काही वर्षांतच ते गवत त्या औषधाला दाद देईनासे झाले.

प्रश्न : आमची भाताची शेती खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, आहे. भातात ब्युटाक्लोर वापरतात. नावावरून ते अलाक्लोरचेच भावंड वाटते. तेही बंद आहे का? आमच्याकडे मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासळी धरली जाते, म्हणून विचारतो.
— एक वाचक, तिसवाडी, गोवा

उत्तर : भावंड म्हणता ते खरे आहे. दोन्ही रेणू एकाच घराण्यातले आहेत, गवताच्या कोंबाला एकाच पद्धतीने अडवतात, आणि भातात लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत उभ्या पाण्यात ब्युटाक्लोर वापरले जाते. २०१८ च्या बंदीत त्याचे नाव नव्हते. मे २०२० मध्ये सरकारने बंदीसाठी जो २७ कीडनाशकांचा मसुदा काढला त्यात ते होते, पण २०२३ च्या अंतिम आदेशात त्या मसुद्यातली फक्त तीनच नावे पूर्णपणे बंद झाली आणि ब्युटाक्लोर त्यांत नाही.

आपल्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग मासळीचा आहे. ब्युटाक्लोर माशांना फार विषारी आहे. जेथे पाणी बांधात नीट कोंडता येते अशा शेतात औषध मारल्यावर निदान आठवडाभर पाणी बाहेर सोडायचे नाही, असा नियम पाळून धोका कमी करता येतो. खाजनात भरती-ओहोटीबरोबर पाणी आत-बाहेर होते आणि मानशीचे दार आपल्या एकट्याच्या हातात नसते, ते सगळ्या गावाच्या वेळापत्रकाने चालते. अशा शेतात हे औषध वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चिखलणी दोन वेळा आठ-दहा दिवसांच्या अंतराने केली, म्हणजे पहिल्या चिखलणीनंतर उगवलेले तण दुसऱ्या वेळी गाडले जाते, आणि लावणीनंतर शेतात बोट-दोन बोटे पाणी सतत उभे राहील असे बांध भक्कम ठेवले, तर सावा आणि त्याच्यासारखी गवते बरीच आटोक्यात राहतात. उरलेली बेणणी हातानेच करावी.